नुसता टॅब उघडला तरी सीपीयूचा फॅन बोंबलतो, काय करू?

निवांत_कुठला: मंडळी जरा डोकं चालवा. प्रोसेसर (सीपीयू) रायझन ५ ७६००एक्स आहे, वर सिंगल टॉवरवाला एअर कूलर, १२० एमएमचा एक फॅन, कॅबिनेटला पुढे दोन आणि मागे एक. गेम खेळताना आवाज येतो त्याचं काही नाही, तेव्हा हेडफोन असतो. वैताग येतो तो साधं टाइप करत बसल्यावर. ब्राउझरमध्ये टॅब उघडला की फॅन घुर्रर्र करून वर, दोन-तीन सेकंदांत गप्प, परत टॅब, परत घुर्रर्र. टेंपरेचर ४५ वरून एकदम ६५ आणि लगेच खाली. रेंडर (प्रोसेसरला पूर्ण राबवणारं काम) लावला तर ९५ ला जाऊन चिकटतं. चिप आणि कूलरमधली थर्मल पेस्ट नवीन आहे, कूलर नीट बसलाय. भारीतला फॅन घेऊ का सरळ लिक्विड कूलरच टाकू?

खटपट्या: आधी पाकीट आत ठेव. या प्रोसेसरची चिप इवलीशी आहे, जरा काम पडलं की तेवढ्या ठिपक्यावर क्षणात २० डिग्री चढतात, पण त्या वेळी वरचा हीटसिंक (कूलरचा धातूचा भाग) अजून कोमटच असतो. म्हणजे फॅन पळून थंड कशाला करणार? तो दोन सेकंद पळाला काय आणि नाही पळाला काय, फरक शून्य.
बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जा, फॅन कर्व्ह (किती टेंपरेचरला फॅन किती पळेल तो आलेख) काढ आणि ७० डिग्रीपर्यंत एकच स्पीड ठेव, ज्याचा आवाज तुला जाणवत नाही असा, माझ्याकडे ७०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास आहे. मग ७० ते ९० हळूहळू चढव. तिथेच फॅन स्टेप अप टाइम किंवा स्मूदिंग (फॅनने किती सावकाश चढायचं ते) असं काहीतरी असेल (प्रत्येक बोर्डवाल्याचं बारसं वेगळं), ते जास्तीत जास्त कर. बायोसमध्ये नसेलच तर विंडोजवर फॅनकंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात हिस्टेरिसिस (टेंपरेचर ठराविक डिग्री बदलल्याशिवाय स्पीड न बदलणं) आणि रिस्पॉन्स टाइम दोन्ही मिळतं.
आणि ९५ बघून घाबरू नकोस, ही सिरीज ९५ पर्यंत जायलाच बनवलीये.

गारेगार: वरचं सगळं बरोबर पण मुळात उष्णताच कमी का करत नाही? इको मोड (प्रोसेसरच्या वीज खेचण्याला लगाम घालणारी सेटिंग) लाव, ६५ वॉटचा. आत्ता तुझा प्रोसेसर १४२ वॉटपर्यंत ओढतो, इकोमध्ये (नाव ६५ चं असलं तरी) ८८ ला थांबतो. गेममध्ये फरक कळत नाही, रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल, बस. फुकटात आहे.

पंखेवाला: मी तर म्हणतो नॉक्टुआ कंपनीचा फॅन घे आणि विषय संपव.

खटपट्या: @पंखेवाला फॅन चांगलाच आहे हो, पण तोही ६०० वरून १५०० ला उडी मारणारच ना, कर्व्ह तोच राहिला तर! स्पीड दुप्पट झाला की ढोबळमानाने १५ डेसिबल वाढतात. कानाला त्रास या चढ-उताराचाच होतो, एकसारखा हलका आवाज पाच मिनिटांत विसरायला होतो.

पंखेवाला: बरं बाबा. मग लिक्विड? त्यात पाणी तापायला वेळ लागतो, फॅन पाण्याच्या टेंपरेचरवर लावला की उड्या बंद.

गारेगार: फॅनच्या उड्या बंद, पण पंपाची गुणगुण चोवीस तास. ७६००एक्सला कशाला हवंय ते.

सावकाश: एक गोष्ट कोणीच बोललं नाही. कॅबिनेटचे फॅनसुद्धा बऱ्याच बोर्डांवर मुळातच सीपीयूच्या टेंपरेचरला बांधलेले असतात, म्हणजे तुझ्याकडे एक नाही चार फॅन एकदम बोंबलत असतील. त्यांचा टेंपरेचर सोर्स बदलून मदरबोर्ड कर किंवा फिक्स स्पीड दे. पुढची काच काढून एकदा रेंडर लाव, काढल्यावर फॅन बराच शांत राहिला तर कॅबिनेटच गुदमरतंय, मग कूलरला दोष देऊ नकोस. आणि एखाद्या ठराविक स्पीडलाच पत्रा थरथरत असेल तर कर्व्हमध्ये तो स्पीड टाळ.

निवांत_कुठला: @सावकाश अरे खरंच, चारही सीपीयूवरच होते! पुढचे दोन आता फिक्स केलेत. मागच्याचा हेडर (बोर्डवर फॅन जोडायची जागा) ऑटोवर दाखवतोय, पीडब्ल्यूएम करू का?

सावकाश: वायर बघ आधी. चार पिन असतील तर पीडब्ल्यूएम (चौथ्या पिनच्या सिग्नलवर स्पीड), तीन असतील तर डीसी (व्होल्टेज कमी-जास्त करून स्पीड). तीन पिनवाला पीडब्ल्यूएमवर ठेवलास तर तो कायम फुल स्पीडनेच पळेल.