शब्दचर्चा: बेसबॉलमधल्या 'फ्री एजंट'ला मराठीत काय म्हणावं?

सदाफुली
बेसबॉलवर एक लेख लिहितेय. अमेरिकेतले व्यावसायिक खेळाडू संघ निवडताना पैशाकडे किती बघतात, असा विषय आहे. पहिल्याच वाक्याला अडले. हुआन सोतो डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क यांकीज सोडून त्याच शहरातल्या मेट्सकडे गेला. १५ वर्षांचा करार, ७६ कोटी ५० लाख डॉलर. हे मराठीत लिहायला घेतलं की हाताशी येतात ते शब्द सगळे आयपीएलचे: 'विकत घेतलं', 'बोली लागली', 'लिलावात गेला'. इथे यातलं काहीच बसत नाही. शिवाय 'फ्री एजंट' (करार संपून हव्या त्या संघाकडे जायला मोकळा झालेला खेळाडू) तसंच ठेवलं तर वाचकाला विमा एजंट आठवणार. 'करारमुक्त' चालेल का?

तिरपीशाई
'करारमुक्त' नको. आयपीएलच्या लिलावाआधी पेपरात काय येतं आठवा: 'अमुक संघाने तमुक खेळाडूला करारमुक्त केलं.' म्हणजे सरळ अर्थ, काढून टाकलं. कर्ता संघ, खेळाडू कर्म. फ्री एजंटचं नेमकं उलटं आहे. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, सहा वर्षांची सेवा भरली आणि करार संपला, की तो आपल्या हक्काने मोकळा होतो, त्याला कोणी सोडत नाही. 'करारमुक्त सोतो' वाचून लोकांना वाटेल, बिचाऱ्याला नारळ दिला.

गावकूस
लिलावाबद्दल तिरपीशाईंच्या पुढे एक पाऊल. २००८ च्या पहिल्या लिलावात धोनी ६ कोटी रुपयांना चेन्नईकडे गेला, नोव्हेंबर २०२४ मध्ये ऋषभ पंत २७ कोटी रुपयांना लखनौकडे. दोघांनी शहर निवडलं नव्हतं. खेळाडू फक्त आधारभूत किंमत सांगतो, हातोडा पडला की तिथे जायचं. त्यामुळे 'पैसे बघून कुठे गेला' हा प्रश्न लिलावाला लागूच होत नाही. बेसबॉलमध्ये पाच संघ एकाच वेळी बोलणी करतात आणि शेवटचा शब्द खेळाडूचा. म्हणून क्रियापद खेळाडूच्या बाजूचं हवं: 'मेट्सशी करार केला', 'मेट्सला होकार दिला'.

खानदेशी
आमच्याकडे सालदार असतो. वर्षभराच्या बोलीवर शेतात राबतो, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल संपतं, मग पटलं तर तोच मालक, नाही तर दुसरा. मला फ्री एजंट म्हणजे आखाजीचा सालदार वाटतो. १९७५ च्या आधीचा बेसबॉलपटू मात्र याच्याहून वाईट स्थितीत होता. करार एका वर्षाचाच, पण त्यात एक 'राखीव कलम' असे. साल संपलं तरी संघाला तोच करार पुढे ओढायचा अधिकार, आणि संघ तो दरवर्षी ओढत जात. खेळाडूला आखाजी यायचीच नाही!

तिरपीशाई
इथे कर्ट फ्लड या खेळाडूचं नाव यायलाच हवं. १९६९ मध्ये सेंट लुई कार्डिनल्सनी त्याला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याने जायला नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणारा माणूस कसली तक्रार करतो, असं लोक विचारायचे. त्याचं उत्तर होतं की पगार चांगला असला तरी गुलाम तो गुलामच. १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी तो हरला. कलम मोडलं ते डिसेंबर १९७५ मध्ये, लवाद पीटर साइट्झच्या निवाड्याने: संघाला करार एकदाच, एका वर्षापुरता वाढवता येईल, कायमचा नाही. त्याने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे खेळाडू मुक्त ठरले. फ्लडला काही मिळालं नाही.

म्हणून मी 'मुक्त' हा शब्द सोडणार नाही. 'मुक्त खेळाडू' म्हणा. 'मोकळा खेळाडू' म्हटलं तर तो रिकामटेकडा वाटतो.

सदाफुली
'मुक्त खेळाडू' घेते, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात खुलासा करून. पुढचा शब्द: 'साइनिंग बोनस', म्हणजे करारावर सही केल्याबद्दल मिळणारे पैसे. सोतोला करारातले साडेसात कोटी डॉलर असे मिळाले. खानदेशी, तुमच्या सालदारावरून 'उचल' सुचतंय.

खानदेशी
नको. उचल फेडावी लागते. सालदार असो की ऊसतोड कामगार, घेतलेली उचल मजुरीतून वळती होते आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाला मान अडकते. सोतोचे पैसे त्याचेच. 'इसार' म्हणाल तर तो जमिनीच्या व्यवहारातला. सरळ 'सहीपोटी मिळालेली रक्कम' लिहा.

दोडामार्ग
एक विनंती, 'मानधन' लिहू नका. क्रिकेटपटूंना मिळतं तेही मानधन, अंगणवाडी सेविकेला मिळतं तेही मानधन आणि आता सोतोलाही मानधन! शब्दाचा काही मान राहू द्या. 'पगार' काय वाईट आहे? पोर्तुगीजांकडून आला, गोव्यापासून विदर्भापर्यंत सगळ्यांना कळतो.

हडसनकाठ
मी न्यू जर्सीत राहतो, इथे ऑफिसात तो हिवाळा सोतोवरच गेला. यांकीजवाल्यांचं एकच म्हणणं: 'पैशामागे गेला.' सदाफुली, हा वाक्प्रचार लेखात वापरणार असाल तर आधी हे बघा. बातम्यांनुसार यांकीजचा देकार (ऑफर) १६ वर्षांसाठी ७६ कोटींचा होता. म्हणजे एकूण फरक ५० लाखांचा. पण वर्षाला भागून बघा: मेट्सकडे ५ कोटी १० लाख, यांकीजकडे पावणेपाच कोटी. मग तो पैशामागे गेला की नाही? माझ्या मते गेला, आणि त्यात काही वावगं नाही. २०२२ मध्ये याच माणसाने वॉशिंग्टन नॅशनल्सचे १५ वर्षांचे ४४ कोटी नाकारले होते, तेव्हा लोक वेडा म्हणाले होते. खेळाडूची सहा वर्षं आधी संघाच्या ताब्यात जातात, त्यातली पहिली तीन साधारण किमान पगारावर. बाजारात उतरायची खरी संधी बहुतेकांना एकदाच येते.

उलट बाजूही आहे. ॲरन जजने २०२२ मध्ये ६२ होमरन मारले आणि ९ वर्षांच्या ३६ कोटींवर यांकीजकडेच राहिला. सॅन डिएगोचा संघ ४० कोटींच्या आसपास द्यायला तयार होता, असं तेव्हा छापून आलं होतं. १९९२ मध्ये ग्रेग मॅडक्सने यांकीजचा मोठा देकार बाजूला ठेवून ॲटलांटाचे ५ वर्षांचे २ कोटी ८० लाख घेतले. यांना 'पैशावर पाणी सोडलं' म्हणता येईल, पण ३६ कोटी घेणाऱ्याबद्दल तसं लिहिताना मला तरी हसू येईल.

सदाफुली
'देकार' छान. जपानी खेळाडू ओतानीचं काय करू? त्याच्या करारातली बहुतेक रक्कम नंतर मिळणार आहे. 'थकीत' लिहू का?

हिशेबी
'थकीत' म्हणजे मुदत उलटून गेली तरी न दिलेलं. इथे मुदतच पुढची आहे, तेव्हा 'पुढे ढकललेली रक्कम'. शोहेई ओतानीचा डिसेंबर २०२३ चा लॉस एंजेलिस डॉजर्सशी करार १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा. त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी मिळणार. तोवर वर्षाला २० लाख. 'बिनव्याजी' हा शब्द लेखात गाळू नका, सगळी मेख तिथे आहे. वीस वर्षांत पैशाची किंमत उतरते, त्यामुळे लीगच्या हिशेबात हा करार वर्षाला ७ कोटींऐवजी साधारण ४ कोटी ६० लाखांचाच धरला जातो. बेसबॉलमध्ये पगारावर कमाल मर्यादा नाही, पण ठरावीक आकड्यापुढे खर्च करणाऱ्या संघाला दंडवजा कर भरावा लागतो. ओतानीने रक्कम पुढे ढकलल्याने संघाला इतर खेळाडू घ्यायला जागा झाली. म्हणजे त्याने पैशाने जिंकण्याची शक्यता विकत घेतली. इथे 'विकत घेतली' खुशाल लिहा, कर्ता खेळाडू आहे.

कराचं आणखी एक. कॅलिफोर्नियात राज्याचा आयकर १३.३ टक्क्यांपर्यंत जातो, टेक्सास आणि फ्लोरिडात पगारावर राज्याचा आयकरच नाही. पण 'टेक्सासला गेला की कर वाचला' असं सरसकट लिहू नका. सामना ज्या राज्यात, तिथल्या दिवसांचा कर ते राज्य वसूल करतं. टेक्सासचा खेळाडू लॉस एंजेलिसला खेळायला गेला की तिथला कर भरतोच. ओतानीच्या ६८ कोटींचं मात्र वेगळं: ते हातात पडतील तेव्हा तो कॅलिफोर्नियात राहत नसेल, तर तिथला कर बहुधा टळेल. यावर त्या राज्याच्या वित्त नियंत्रकांनी जानेवारी २०२४ मध्ये जाहीर नाराजी दाखवली होती.

गावकूस
आणि हाच ओतानी २०१७ मध्ये २३ वर्षांचा असताना सहीपोटी २३ लाख डॉलर घेऊन एंजल्स या अमेरिकी संघाकडे आला होता. परदेशी खेळाडू २५ वर्षांखालचा असेल तर रकमेवर कडक मर्यादा असते. दोन वर्षं जपानमध्येच थांबला असता तर शंभरपट मागता आले असते. सदाफुली, माझ्या मते तुमचा लेख इथून सुरू व्हावा.

दोडामार्ग
स्कॉट बोरासला काय म्हणणार? सोतोची बोलणी त्यानेच केली. 'दलाल' लिहिलंत तर मराठीत शिवी होते.

तिरपीशाई
त्याला 'एजंट'च राहू द्या. 'फ्री एजंट' काढलाय, आता घोटाळा होणार नाही.

सदाफुली
सध्याचा मसुदा: 'सहा वर्षांची सेवा भरून मुक्त झालेल्या हुआन सोतोने यांकीजचा देकार नाकारून मेट्सशी १५ वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. त्यातले साडेसात कोटी त्याला सहीपोटी मिळाले.' शेवटची शंका: 'मेट्सकडे गेला' की 'मेट्समध्ये गेला'?

दोडामार्ग
करारापुरतं 'मेट्सकडे'. खेळायला लागला की 'मेट्समध्ये'.