सरसकट कोळीच का?
जुन्या गुन्हेगारीपटांत ख्रिस्ती माणूस म्हणजे गुत्तेवाला नाहीतर खलनायकाचा हस्तक, असं नेहमी म्हटलं जातं आणि ते बरंचसं पटतं. पण गुरु दत्त यांचा १९५२ चा 'जाल' विसरू नका. मासेमारांच्या वस्तीतली मारिया (गीता बाली) तिथे थेट नायिका आहे.

मला सलतं ते वेगळंच. चोरटं सोनं किनाऱ्याला लागलं की पडद्यावर सरसकट कोळी: कमरेला रुमाल, डोक्यावर लाल टोपी, तोंडी मुंबईच्या कोळीवाड्याची बोली. हे रायगडपर्यंत ठीक. रत्नागिरीत मात्र मासेमारी करणारे खारवी, भोई आणि मुसलमान दालदी, तर मालवणात गाबीत. रापण, म्हणजे लांबलचक जाळं, दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढून आणताना गाबितांच्या तोंडी मालवणीच. दालदी तांडेल (होडीचा म्होरक्या) ठळकपणे आलेला एखादा जुना चित्रपट कुणाला आठवत असेल तर जरूर सांगा.