टीव्ही घरी आला, पुढे काय झालं?

कोणता टीव्ही घ्यावा यावर सल्ले द्यायला सगळेच तयार असतात. मला हवेत खोकं घरात आल्यानंतरचे अनुभव, तेही साध्या, खिशाला परवडणाऱ्या टीव्हीचे. सुरुवात मीच करते.

आमची ट्रॉली 2 फुटी. 32 इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरपं माप, प्रत्यक्ष रुंदी 28 इंचांच्या आसपास, हे मला माहीत होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर येईल, येऊ दे म्हटलं. खोकं उघडलं तर मधोमध स्टँड नाहीच, दोन टोकांना दोन पाय! शेवटी ट्रॉलीवर माळ्यावरची जुनी फळी आडवी टाकली. ‘तात्पुरती’ फळी आठ महिने तिथेच आहे.

नागपूरहून
आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी बाबांनी निकाल दिला, “जुन्या डब्यात याहून बरं दिसायचं.” आणि खरंच दिसायचं! चेहरे पुसट, अक्षरं फुटलेली. दुकानदाराला दोनदा फोन केले, थोडं भांडलोही. मग शेजारच्या मुलाने मागे डोकावून पाहिलं. सेट टॉप बॉक्स अजून लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींवरच होता. एचडीएमआय केबल लावली, थोडा फरक पडला, पण फार नाही, कारण बॉक्सच साधा होता. साध्या वाहिनीचं चित्र 576 ओळींचं, एचडी रेडी पडद्याच्या ओळी 768. मधलं सगळं टीव्ही अंदाजाने भरतो. एचडी बॉक्स आणि निवडक एचडी वाहिन्या घेतल्या तेव्हा कुठे बाबा गप्प बसले. टीव्हीच्या बजेटमध्ये हा खर्च आधीच धरा.

साताऱ्याहून
बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापली जात असेल तर मेकॅनिक बोलावू नका. चित्राच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असं काहीतरी सापडेल. आम्ही 300 रुपये देऊन हे शिकलो.

पुण्याहून
43 इंची. नवीन इमारत, हलक्या ब्लॉकची भिंत. बसवायला आलेल्या माणसाने नेहमीचे प्लास्टिकचे प्लग ठोकले आणि गेला. चौथ्या दिवशी वरचा स्क्रू बोटाने हलवला तर बोटाबरोबर बाहेर! ब्लॉकसाठी लांब, वेगळे प्लग मिळतात, ते आणून पुन्हा बसवला. त्यात उंचीचाही घोळ. उभं राहून खुणा केल्या, पण टीव्ही आपण बसून बघतो. आजी दोन दिवसांत मान धरून बसली. आता दहा इंच खाली घेतलाय आणि वरची चार भोकं कॅलेंडरने झाकली आहेत.

रत्नागिरीहून
आमच्याकडे वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की आई आधी टीव्हीचा प्लग काढते. त्या दिवशीही काढला होता. बॉक्सचा मात्र राहिला, गच्चीवरून येणारी डिशच्या छत्रीची वायरही तशीच. वीज जवळच कुठेतरी पडली, बॉक्स गेला आणि टीव्हीचं एचडीएमआयचं एक पोर्टही. मेकॅनिक म्हणाला, छत्रीच्या वायरीतून आलं. आता आभाळ भरलं की ती वायर सगळ्यांत आधी सुटते. स्टॅबिलायझर होता, त्याचा इथे काही उपयोग नाही.

ठाण्याहून
दुकानात “जीएसटी उतरला, म्हणून स्वस्त” असं सांगून 32 इंची गळ्यात मारत होते. 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 वर आला तो 32 इंचांहून मोठ्या टीव्हींचा कर. 32 इंचीवर जानेवारी 2019 पासून 18 टक्केच आहे. हे सांगितल्यावर गडी म्हणाला, “साहेब, तुम्ही ऑनलाइनच घ्या.”

कोल्हापूरहून
पातळ टीव्हीचा आवाजही पातळ. स्पीकर खाली तोंड करून बसवलेले, त्यामुळे आजोबा संवाद ओठांवरून ओळखायला लागले. घरात जुने, दणदणीत स्पीकर होते, पण टीव्हीला त्यांची पिनच नाही. नागपूरकरांनी काढून टाकल्या त्या वायरी इथे कामाला आल्या. चित्र एचडीएमआयने टीव्हीला आणि आवाज बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिनांतून थेट स्पीकरला. आवाजासाठी दुसरा रिमोट लागतो, तो आजोबांच्या उशाला असतो.

पिवळी वायर शिल्लक आहे. कुणाला हवी असल्यास सांगा.