तातडीची मदत हवी: जर्मनीत पीआरचा (कायमच्या वास्तव्याचा) अर्ज पेंडिंग, भारतात जाऊन येता येईल का?

नेकारकाठ: ब्लू कार्डवर (नोकरीसाठीचा निवास परवाना) आहे. पीआरचा अर्ज ऑनलाइन भरून बरेच महिने झाले, पलीकडून हूं की चूं नाही. मिरजेत बाबांची बायपास ठरली आहे, जायलाच हवं. अर्ज चालू असताना देश सोडला तर तो रद्द होतो, असं ऑफिसातला एकजण म्हणतो. अर्ज पोचल्याची ईमेल आहे, ती चालेल ना? नक्की माहीत असेल त्यांनीच लिहा, तिकिटं रोज महागतायत.

अनघा_फ्रा: रद्द होतो हे अमेरिकेचं. तिथे ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला असताना अ‍ॅडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता बाहेर पडलात तर अर्ज सोडून दिला असं धरतात, एच-1बी आणि एल-1 या नोकरीच्या व्हिसावाल्यांना सूट आहे. जर्मनीत तसं नाही. ब्लू कार्ड कधी संपतंय?

सातारकर_म्युनिक: मी अर्ज टाकून दिवाळीला जाऊन आलो, कोणी विचारलंही नाही. बिनधास्त जा.

अनघा_फ्रा: तुमचं कार्ड तेव्हा चालू होतं का?

सातारकर_म्युनिक: हो, चालू होतं.

अनघा_फ्रा: मग कोण विचारणार!

वडापाव_बर्लिन: पीआर कशाला? 5 वर्षं झाली असतील तर सरळ नागरिकत्वाचा अर्ज टाका. 27 जून 2024 पासून आधीची 8 वर्षांची अट गेली.

कृष्णामाई: त्यांनी हे विचारलंय का? आणि ते घेतलं की भारतीय पासपोर्ट जातो, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढत बसावं लागतं. बाबा आजारी असताना हे कुठे?

नेकारकाठ: कार्ड याच महिन्याअखेर संपतंय. जाताना चालू असेल, परतताना नाही. अर्ज मुदतीच्या आतच केलाय.

अनघा_फ्रा: हे आधी सांगायला हवं होतं, सगळं त्यावरच आहे. मुदतीआधी अर्ज केला म्हणून जर्मन निवास कायद्याच्या कलम 81 पोटकलम 4 प्रमाणे जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालूच राहतो. पण मुंबईच्या चेक-इन काउंटरवर ते दाखवणार कसं? ईमेलवर विमानात घेत नाहीत. फिक्शनचा कागद (निर्णय होईपर्यंत परवाना चालू असल्याचा कार्यालयाचा दाखला) हातात घेऊनच निघा. फी 13 युरो.

कुरडई: फिक्शनवर जाऊच नका!! मित्राच्या आईला त्याच कागदावर विमानात चढू दिलं नाही.

अनघा_फ्रा: कुठल्या चौकटीत फुली होती?

कुरडई: चौकट माहीत नाही. शेंगेन व्हिसावर आल्या होत्या, इथेच मुक्काम वाढवायचा अर्ज केला.

अनघा_फ्रा: मग तिसरी नसणारच. कागदाच्या तिसऱ्या पानावर तीन चौकटी असतात. पहिल्या दोन फक्त इथे राहण्यापुरत्या, त्यांवर बाहेर गेलात तर परत येता येत नाही. तिसरी पोटकलम 4 ची. तिच्यात फुली असेल तर पासपोर्ट, संपलेलं कार्ड आणि हा कागद, तिन्ही मिळून परत येता येतं. शेंगेन व्हिसावाल्यांना पोटकलम 4 लागूच होत नाही. जुनं कार्ड टाकून देऊ नका.

कुरडई: कागदावर बरोबर असलं तरी काउंटरवरच्या पोराला जर्मन वाचता येतं का? मी तरी कार्ड संपायच्या आत परत येईन.

राईनवरची_सई: हे मात्र खरं. थेट विमान घ्या, लंडनमार्गे नको. तिथला ट्रान्झिट व्हिसा आपल्याला लागतो, आणि संपलेल्या कार्डावर सूट धरता येणार नाही.

कृष्णामाई: हॉस्पिटलचं पत्र, शस्त्रक्रियेची तारीख असलेलं, जर्मन भाषांतरासह परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, म्हणजे अर्ज केलाय तिथे, पाठवा. विषयात "तातडीचा प्रवास" लिहा. आमच्याकडे टर्मिन (भेटीची वेळ) मिळत नव्हती, सासूबाईंचं पत्र जोडल्यावर मिळाली. मिरजेत कुठे आहेत बाबा? माझं माहेर तिथलंच, डब्याची सोय करून देईन.

नेकारकाठ: खूप आभार. हॉस्पिटलचं नाव व्यनि करतो. पत्र भावाला आजच आणायला सांगितलंय. कार्ड चालू असताना कार्यालय हा कागद देतं का?

राईनवरची_सई: आमच्या शहरात थोडे दिवस आधी दिला, पण शहरागणिक वेगळं. नकार आला तर तो लेखी मागा.

निखारा_77: माझंही अडकलंय, पण मी इटलीत आहे. हाच कागद चालेल का?

अनघा_फ्रा: इटलीचे कागद वेगळे, नवा धागा काढा. आणि पहिल्याच ओळीत कार्डची मुदत लिहा.