दसऱ्याला फ्लॅट बुक करायचा की दिवाळीनंतर बघायचं?

धागाकर्ता (राजारामपुरी, कोल्हापूर, भाडेकरू): माझं मत, या दसऱ्याला घाई नको. १८ ऑगस्ट २०२५ ला आपल्या कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (इथंच खटले ऐकणारं खंडपीठ) सुरू झालं, तेव्हापासून मला भेटलेला प्रत्येक बिल्डर दराआधी बेंचचं नाव घेतो. वकिलांना ऑफिसं लागतील, भाड्याच्या खोल्या लागतील, हे खरं. पण त्यापायी कळंब्याच्या पुढच्या टू बीएचकेचा दर का चढावा? तिथं घेणारा एमआयडीसीत नाहीतर पतसंस्थेत नोकरीला. बेंच आलं म्हणून त्याचा पगार वाढला नाही. दिवाळी सरली की उरलेल्या फ्लॅटवर बोलणी होतात, तेव्हा जावं.

पाचगावचा रहिवासी: भावा, मी असाच दोन दिवाळ्या थांबलो. भाडं गेलं ते गेलंच. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, २०२५ मध्ये साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. बँकेनं ती सगळी कपात दिली, तर ३० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला दोन हजारांहून जास्त कमी होतो. हे सोडून कशाची वाट बघायची?

शाहूपुरीतली गृहिणी: दराचं नंतर बघा, आधी पूररेषा बघा. २०१९ ला आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं, २०२१ ला परत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे आमच्या पोरांना पाठ आहेत. एजंट साइट दाखवतो कोरड्या दिवसांत. तुम्ही जुलैत जा. निळी रेषा (नेहमीच्या मोठ्या पुराची), लाल रेषा (क्वचित येणाऱ्या महापुराची) नकाशात बघाच, पण कोपऱ्यावरच्या दुधवाल्यालाही विचारा, पाणी कुठवर आलं होतं. आमच्या गाद्या, धान्य, पोरांची वह्या-पुस्तकं, सगळं गेलं. हप्ता कमी झाला म्हणून ते भरून येत नाही.

पाचगावचा रहिवासी: वहिनी, म्हणूनच म्हणतोय! पुरानंतर माणसं उंचावर घर शोधायला लागली. आर. के. नगर, मोरेवाडीकडचा दर बेंचनं नाही, पाण्यानं चढवलाय. तो दिवाळीनंतर उतरायचा नाही.

धागाकर्ता: हे मी धरलं नव्हतं, मान्य. उंचावरच्या भागात थांबून फार फायदा नाही. तरी बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला ५ टक्के जीएसटी (४५ लाखांच्या आतल्या परवडणाऱ्या घराला १), आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्याला काहीच नाही. त्यामुळं दसऱ्याला नुसत्या पायावर टोकन देणाऱ्याला मी अजूनही नकोच म्हणेन. तयार घर असेल, तर वहिनींच्या दुधवाल्याला विचारून घ्या.