मदत हवी आहे : नॉकिंगचा अंदाज तीन अंश उशिरा का येतो?
एका सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावर (बोअर म्हणजे सिलिंडरचा आतील व्यास ८६ मिमी, कॉम्प्रेशन रेशो १०, पेट्रोल ९१ ऑक्टेनचे) मी नॉकिंगचा अभ्यास करीत आहे. ज्योत पोहोचण्याआधीच कडेला उरलेले मिश्रण दाबाने तापून आपोआप पेटते (हेच नॉकिंग), तेव्हा दाबाच्या आलेखाच्या शिखराजवळ करवतीच्या दात्यांसारखी, साधारण ६,५०० हर्ट्झची थरथर उमटते; ती मला स्पष्ट दिसते. अडचण अंदाजाची आहे. १९५५ च्या लिव्हनगुड-वू पद्धतीनुसार मी प्रज्वलन-विलंबाच्या (त्या-त्या दाब-तापमानाला मिश्रण आपोआप पेटायला लागणाऱ्या वेळाच्या) व्यस्ताचे काळानुसार संकलन (इंटिग्रेशन) करीत जातो आणि ते १ झाले की नॉकिंग सुरू झाले असे धरतो. विलंबासाठी डुओ-एझा यांचे १९७८ चे सूत्र घेतले आहे, ज्यात दाबाचा घातांक उणे १.७ आहे. १,५०० आरपीएमला हा क्षण प्रत्यक्षापेक्षा क्रँकशाफ्टच्या फिरण्याचे तीन अंश उशिरा येतो. इनलेट व्हॉल्व्ह बंद होतानाचे तापमान ३३० ऐवजी ३४५ केल्व्हिन धरले की उत्तर जुळते, पण मग ३,००० आरपीएमला ते बिघडते, आणि असे आकडे ओढूनताणून जुळवणे मला पटत नाही. सिलिंडरमध्ये मागे राहिलेल्या जळक्या वायूची उष्णता मी कमी धरतो आहे का? की साधारण ७०० ते ९०० केल्व्हिनच्या पट्ट्यात तापमान वाढूनही विलंब वाढतो, हे वर्तन या सूत्रात बसतच नाही? ज्यांनी हे गणित प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.