प्रतिसाद: आग्नेस बर्नाउअर आणि वारसाचा प्रश्न

'म्युनिकच्या ड्यूक एर्न्स्टने (जर्मनीतल्या बव्हेरियाचा एक राज्यकर्ता) आपल्या मुलाची जोडीदार आग्नेस बर्नाउअर हिला केवळ हलक्या कुळातली म्हणून बुडवून मारलं' हे मत अर्धंच खरं वाटतं. तारखा बघा. एर्न्स्टचा भाऊ विल्हेल्म सप्टेंबर १४३५ मध्ये वारला, मागे तान्हा, अशक्त मुलगा. म्हणजे घराण्याची सगळी भिस्त एर्न्स्टच्या एकुलत्या एक औरस मुलावर, आल्ब्रेख्टवर. आणि हा आग्नेसबरोबर संसार थाटून बसलेला! त्या दोघांना मूल झालं असतं, तर त्याच्या वारसाहक्कावरून भाऊबंदकी ठरलेली. १२ ऑक्टोबरला, आल्ब्रेख्ट बाहेर असताना, श्ट्राउबिंगजवळ डॅन्यूबमध्ये तिला बुडवलं.

आल्ब्रेख्ट चिडून इंगोलश्टाटच्या चुलत घराण्याकडे गेला खरा, पण पुढे बापलेकांचा समेट झाला. एर्न्स्टने तिच्या नावाने श्ट्राउबिंगच्या दफनभूमीत छोटं चॅपलही बांधलं (मारायचं आणि वर स्मारक!). आल्ब्रेख्टने मग ब्रुन्सविकच्या आनाशी लग्न केलं, मुलंबाळं भरपूर झाली. १४४० मध्ये बोहेमियाचा मुकुट चालून आला, तो त्याने नाकारला. १४६० मध्ये तो वारला. स्वतःच स्थापन केलेल्या आंडेक्सच्या मठात त्याला पुरलं. गंमत म्हणजे पुढे त्याची मुलंच सत्तेवरून भांडली, आणि शेवटी त्यांतल्याच आल्ब्रेख्ट चौथ्याने १५०६ मध्ये थोरल्यालाच गादी असा कायदा केला.